कुकडनेरात दोन दिवस: नाणेघाट, जुन्नर, लेण्याद्री कुठल्या क्रमाने करावं?

ठाणेकर_७२

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याहून दोन दिवस, एक मुक्काम. एक गाडी, सहा जण: सत्तरीला टेकलेले आईवडील, दहा वर्षांचा मुलगा, बाकी तिघे चालणारे. डोक्यात असलेली यादी अशी: नाणेघाट, जीवधन, चावंड, कुकडेश्वर, शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा लेणी, जमलं तर हडसर. जमेल का? क्रम काय ठेवावा?

---

घाटवाट

नाही जमणार. चार किल्ले, दोन लेणी, एक घाट आणि एक देऊळ, त्यात मुंबईच्या बाजूने येणं-जाणं. गाडीच्या खिडकीतून सगळं बघून व्हायचं. निम्मी यादी खोडा.

आधी भूगोल. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेपासून निघालेल्या नद्यांच्या एकेका खोऱ्याला 'नेर' म्हणायची जुनी पद्धत आहे: मढनेर, कुकडनेर, मीननेर, भीमनेर. तुम्हाला हवं ते जवळपास सगळं कुकडनेरात आहे. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट, पूर्व तोंडाशी जुन्नर शहर, मधे माणिकडोह धरणाचं पाणी. चावंड आणि जीवधन धरणाच्या दक्षिणेच्या अंगाला, हडसर उत्तरेच्या. म्हणजे हडसर वेगळ्या रस्त्यावर पडतो. तो या वेळी सोडा.

रस्ता एकच लक्षात ठेवा: जुन्नर, आपटाळे, चावंड फाटा, पूर (कुकडेश्वर), घाटघर, नाणेघाट. जुन्नर ते नाणेघाट साधारण ३०-३५ किमी, पण सव्वा तास धरा. वळणं आहेत, पावसाळ्यानंतर खड्डे असतात, आणि गुरं आपल्या सवडीने रस्ता सोडतात.

गंमत म्हणजे ठाण्याहून येताना तुम्ही नाणेघाटाच्या अगदी पायथ्याखालून जाता. वैशाखरे सोडलं की उजव्या हाताला नानाचा अंगठा, म्हणजे घाटाला लागून असलेला अंगठ्यासारखा कडा, दिसत असतो. पण गाडीने माथ्यावर जायचं तर माळशेज चढून, मढ, गणेशखिंड, जुन्नर असा वळसा घालून पुन्हा पश्चिमेला यावं लागतं. ऐंशी-नव्वद किलोमीटर. जुना व्यापारी हेच अंतर दोन-तीन तासांत चढून पार करायचा.

---

कातळकोर

घाटवाट यांच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. चालणारे तिघं आणि मुलगा यांना वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरवा. बाकीच्यांनी गाडी घेऊन माळशेजमार्गे फिरून घाटमाथ्यावर यावं. दोन्ही पक्षांना साधारण तीन तास लागतात. फक्त अशा वेळी गाडी चालवणारा चढणाऱ्यांपैकी नको, हे आधी ठरवा. आणि माथ्यावर फोन लागेल या भरवशावर राहू नका. भेटायची जागा 'माथ्यावरचा दगडी रांजण' अशी ठरवून टाका, तो चुकत नाही.

वाट मळलेली आहे. सुरुवातीला ओढा आणि सपाटीची झाडी, मग रानातून चढ, शेवटी नळीत दगडी पायऱ्या. ऑक्टोबरात झाडीच्या टप्प्यात उकाडा जबरदस्त असतो, कारण वारा कड्याला अडतो. म्हणून सकाळी सातला चढायला लागा. माणशी दोन लिटर पाणी. लेण्याजवळ टाकी आहेत, पण गर्दीच्या मोसमात त्यांत काय काय पडलेलं असतं ते बघून ठरवा.

चूक हमखास कुठे होते, तर सुरुवातीच्या सपाटीवर. गुरांच्या वाटा अनेक फुटतात. अंगठा डोळ्यांसमोर ठेवा. घाटाची खाच त्याला लागूनच आहे.

---

ब्राह्मीवाचक

नाणेघाटाला जाणारे शंभरातले नव्वद जण अंगठ्यावर फोटो काढून परततात आणि ज्यासाठी तिथे जायचं ते लेणं पाच मिनिटांत उरकतात. म्हणून जरा विस्ताराने.

लेणं घाटाच्या तोंडाशी, माथ्यापासून थोडं खाली आहे. साधारण २९ फूट चौरस खोली, तीन बाजूंना कातळाचे बाक. डाव्या-उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा लेख, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. हा सातवाहन राणी नागनिकेचा लेख, इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. नागनिका ही पहिल्या सातकर्णीची राणी आणि महारठी त्रनकयिरो याची मुलगी. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन. पुढे केलेल्या यज्ञांची यादी आणि दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण (त्या काळची नाणी). एका ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. हे आकडे अक्षरांत नव्हे, अंकचिन्हांत कोरलेत. भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीचं नाव पहिल्या काही पुराव्यांत येतं ते यासाठी. त्यात शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, वरची नावं मात्र शाबूत आहेत: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनि, कुमार भाय, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. सातवाहन घराण्याचा मूळपुरुष सिमुक पुराणांच्या याद्यांत आहेच, इथे त्याचं नाव दगडात भेटतं.

अक्षरं शोधायला मुलाला लावा. 'क' म्हणजे सरळ अधिकचं चिन्ह. 'र' म्हणजे उभी रेघ. 'न' म्हणजे खाली आडवी, वर उभी रेघ. 'म' म्हणजे गोल आणि त्यावर दोन शिंगं. 'ग' म्हणजे घराचं छप्पर. एवढ्या पाच अक्षरांवर 'सिमुक' मधले म आणि क सापडतात आणि मूल तासभर रमतं.

समोरून बॅटरी मारली तर काहीच दिसत नाही. भिंतीला जवळपास समांतर, बाजूने उजेड टाका. कोरलेल्या रेघांत सावली पडते आणि ओळी उठून येतात. खडू, पीठ, पाणी भिंतीला लावू नका. हे सांगावं लागतं कारण लोक लावतात.

---

ठाणेकर_७२

अप्रतिम. आणि तो रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता हे खरं ना?

---

ब्राह्मीवाचक

तसं सांगतात, आणि व्यापारी वाटेवर जकात असणार हेही पटण्यासारखं आहे. पण रांजणावर तसा लेख नाही. नाणी उघड्यावर दगडी रांजणात ठेवायची का, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. घाटात एका टाक्याच्या दानाचा लेख आहे, तो जास्त बोलका: वासिठीपुत चतरपन सातकनि राजाच्या तेराव्या वर्षी दामघोष नावाच्या गृहस्थाने टाकं दिलं. वाटसरूंना पाणी लागायचं, ते कोणीतरी पुण्य म्हणून खोदून द्यायचं. घाट चालायचा तो असा.

---

रानसोनकी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणजे फुलांचा मोसम उतरणीला. सोनकीचा पिवळा गालिचा बघायचा तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचे पहिले दिवस. तरी घाटघरच्या पठारावर आणि जीवधनच्या उतारावर तुरळक सापडेल. हवा मात्र स्वच्छ असते. माथ्यावरून कोकण दुपारनंतर उत्तम दिसतं आणि सूर्यास्त थेट समोर.

आईवडिलांसाठी नाणेघाट सोपा आहे. गाडी पठारापर्यंत जाते, रांजणापर्यंत सपाट चाल. लेण्यापर्यंत थोड्या उंचसखल दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. काठी आणि पकडीचे बूट असतील तर जमतं. अंगठ्याच्या टोकाला कठडे असोत-नसोत, वाऱ्याच्या दिवशी मुलाचा हात सोडू नका.

---

भटकभवानी

उलटा धबधबा ऑक्टोबरात दिसेल का? व्हिडिओ बघून माझ्या घरचे हट्टाला पेटलेत.

---

रानसोनकी

नाही. त्याला दोन गोष्टी एकदम लागतात: कड्यावरून पडणारी बारीक धार आणि कोकणाकडून थेट कड्यावर आपटणारा मोसमी वारा. वाऱ्याला पुढे जायला जागा नसते, तो कड्यालगत वर चढतो आणि पाण्याचे थेंब परत माथ्यावर फेकतो. म्हणून जून अखेर ते ऑगस्ट. त्यातही धो-धो पावसात धार जड झाली की वारा ती उचलू शकत नाही, आणि वारा पडला की साधा धबधबा. दाट धुकं असेल तर कानांनी ऐकायचा.

छत्री नेऊ नका. पाणी खालून येतं, छत्री उलटी होते आणि ती धरायला माणूस कड्याकडे धावतो. काठापासून मागे रहा, ओल्या गवताखाली शेवाळलेला कातळ असतो. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटघरच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागते आणि प्रशासन कधी कधी पर्यटनबंदीचे आदेश काढतं. जायचंच तर मंगळवार-बुधवार, आणि निघण्याआधी आदेश तपासून.

---

दोरखंड

जीवधनबद्दल स्पष्ट सांगतो. तुमच्या गटासाठी नाही.

दोन वाटा. नाणेघाटाच्या बाजूने कल्याण दरवाजा, घाटघरच्या बाजूने जुन्नर दरवाजा. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. त्याचे परिणाम आजही पायाखाली लागतात: पायऱ्या चांगल्या चालतात आणि मधेच तुटतात, तिथे कातळात हातपाय रोवून चढावं लागतं. चढताना जमतं, उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही. अडकणारे बहुतेक तिथे अडकतात. पावसाळ्यानंतर महिनाभर कातळ सुकत नाही, म्हणून ऑक्टोबरची सुरुवातही वाईटच. तिघं चालणारे सवयीचे असतील तर ३० फुटी दोर, एक माहीतगार आणि चार तास हाताशी हवेत. वर कातळात कोरलेली धान्यकोठी आहे, दारावर गजलक्ष्मी. किल्ल्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. तो नुसता बघायचा असेल तर नाणेघाटाच्या पठारावरून फुकट दिसतो.

किल्लाच हवा तर चावंड घ्या. चावंडवाडीतून पाऊण-एक तास. तुटलेल्या टप्प्याला लोखंडी कठडा आहे, पायऱ्यांत रोवलेली छोटी तोफ आधाराला सापडते. वर एकाला एक लागून सात टाकी आहेत, सप्तमातृकांशी जोडतात. दहा वर्षांचा मुलगा आरामात चढेल, पण मोठ्यांपैकी एकाने त्याच्या खालच्या पायरीवर रहायचं, वरच्या नव्हे.

---

देऊळवेडा

कुकडेश्वर वीस मिनिटांत उरकू नका, आईवडिलांसाठी ही सगळ्यात सुखाची जागा आहे. पूर गावाजवळ, गाडी जवळपर्यंत. कुकडीचा उगम इथला मानतात. शिलाहार राजा झंझाने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालयं बांधली अशी परंपरा आहे आणि त्यात हे धरतात. शिखर उरलेलं नाही, त्यामुळे लांबून बसकं दिसतं. पण गर्भगृहाची द्वारशाखा आणि भिंतींवरची मूर्तिकला जवळून बघा. सकाळी बाहेरची शिल्पं तिरप्या उन्हात चांगली दिसतात.

याच पट्ट्यात उन्हाळ्याच्या सुमारास अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. महादेव कोळी वस्त्यांचं ते रोख पीक. वाळवणावरून गाडी वळवू नका.

---

गिरिजात्मज

आता दुसरा दिवस. लेण्याद्री सकाळी सातच्या आसपास सुरू करा. तीनशेच्या घरात पायऱ्या, लेणी दक्षिणाभिमुख. म्हणजे दहानंतर पायऱ्यांवर आणि दर्शनी भागावर सगळं ऊन तुमचंच. आईवडिलांसाठी डोली मिळते, दर आधी ठरवून घ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, भारतीयांना २५ रुपये. माकडं पिशवी ओढतात. प्रसाद, केळी, प्लास्टिकची कुरकुरणारी पिशवी हातात ठेवू नका.

गणपती ज्या लेण्यात आहे ते सातवं, मूळचा बौद्ध विहार, म्हणजे भिक्खूंचं निवासस्थान: मधे एकही खांब नसलेला प्रचंड दालन आणि तिन्ही बाजूंना मिळून २० खोल्या. दर्शन घेऊन लोक मागे फिरतात. शेजारचं सहावं लेणं चुकवू नका. तो चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह आहे, आत स्तूप, खांबांवर बसलेले प्राणी. दर्शनी भागावरचा लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाचं, सुलसदताचं दान. हेरणिक म्हणजे सोन्याचांदीचा धंदा करणारा. कल्याणचा माणूस जुन्नरला चैत्य कोरून घेतो, तो आला कुठल्या वाटेने? ज्या वाटेने तुमची पोरं आदल्या दिवशी चढली त्याच. म्हणून मी नाणेघाट आधी आणि लेण्याद्री नंतर म्हणेन.

---

घाटवाट

हेच लिहिणार होतो. शहराच्या दक्षिणेच्या मानमोडी डोंगरात आणखी पुढचा दुवा आहे: क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा शके ४६ चा, म्हणजे इसवी सन १२४ चा लेख, आणि भूतलिंग गटात चंद नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीकाने) दिलेल्या दर्शनी भागाचा लेख. गजलक्ष्मीची कमानही तिथेच. पण आईवडिलांना नेऊ नका, वाट खडबडीत आहे.

---

मोहोळ

मानमोडीचा विषय निघालाच आहे तर थांबा. जुन्नरच्या सगळ्याच लेण्यांत आणि शिवनेरीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. दर काही दिवसांनी पर्यटकांवर हल्ल्याची बातमी येते आणि कारणं तीच: अत्तर-परफ्युम, धूर, सिगारेट, शिट्ट्या, दगड मारणं, ड्रोन. संरक्षित स्मारकांवर ड्रोन परवानगीशिवाय चालतही नाही.

आत जाण्याआधी कमानीखाली वर बघा. काळसर, अर्धगोल, हलणारा पडदा दिसला तर आवाज न करता मागे या. हल्ला झालाच तर हात हलवू नका. ओढणी, जर्किन डोक्या-तोंडावर घ्या आणि सरळ लांब चालत-पळत निघा, बंद गाडी सर्वांत चांगली. पाण्यात उडी मारू नका. डंख खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा डंख खूप असतील तर वाट न बघता जुन्नरचा सरकारी दवाखाना.

---

ठाणेकर_७२

परफ्युमचं लक्षात आलं नसतं. तुळजा लेणी आणि शिवनेरी यांत एकच निवडायचं झालं तर?

---

गिरिजात्मज

दोन्ही होतात, शिवनेरीला वेळ दिलात तर. तुळजा लेणी पाडळीजवळ आहेत, चाल थोडी, तासाभरात होतं. तिथलं तिसरं लेणं एका कारणासाठी बघायचं: गोल चैत्य. मधे स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमट. अशी वर्तुळाकार रचना कातळात फार कमी ठिकाणी टिकली आहे. बाकी लेण्यांची पडझड झालीय, दर्शनी भाग गेलेत. पंधरा मिनिटं खांबांमधून प्रदक्षिणा घाला.

शिवनेरी लेण्याद्रीनंतर दुपारी नको, ऊन लागतं. पण दोन दिवसांत दोन सकाळी मिळत नाहीत, म्हणून साडेतीनला चढायला लागा. सात दरवाज्यांतून पायऱ्यांची रुंद वाट, आईवडिलांना हळूहळू तास लागेल. शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, शिवजन्माची इमारत, बदामी तलाव, कडेलोट, कोळी चौथरा. टाक्यांच्या पाण्यावर दोन क्षण थांबा, एवढ्या उंचीवर बारमाही पाणी हा या किल्ल्याचा खरा जीव. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत शिवनेरी आहे, तेव्हापासून गर्दी वाढलीय. साखळी धरून कडा चढायच्या वाटेचं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

---

खवय्या_नारायणगाव

कोणीच जेवणाचं बोलत नाही म्हणून. या भागात मासवडी खा. नावाला फसू नका, शाकाहारी आहे: बेसनाच्या पिठल्याची पातळ पोळी थापून आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरतात, माशासारखी घडी करून वड्या कापतात. काळा झणझणीत रस्सा वेगळा, बाजरीची भाकरी. वडी रस्स्यात आधीच टाकून आणली असेल तर विरघळते, वेगळी मागा. घाटघरला घरगुती जेवण मिळतं पण आदल्या दिवशी फोन करून. आयत्या वेळी सहा माणसांचा स्वयंपाक कुणाकडे तयार नसतो.

---

बिनघाई

मुक्काम जुन्नरला की घाटघरला, हा मुद्दा राहिला. सूर्यास्त नाणेघाटात बघणार असाल तर घाटघरला रहा. अंधारात तो रस्ता नको. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. गाडीत बसलेल्याला धोका नाही. धोका असतो लघुशंकेला उसाच्या किंवा झुडपाच्या कडेला उतरून खाली बसणाऱ्याला आणि एकट्या लहान मुलाला. मुक्कामी असतानाही मुलाला अंधारात एकटं अंगणाबाहेर पाठवू नका.

पेट्रोल जुन्नरला भरा, रोख पैसे तिथेच काढा, नकाशा तिथेच उतरवून घ्या. आपटाळ्याच्या पुढे रेंज कधी आहे कधी नाही.

---

ठाणेकर_७२

तर यादी अशी झाली. पहिला दिवस: पहाटे चारला ठाणे, सातला आम्ही दोघं आणि मुलगा वैशाखऱ्याहून चढणार, मेहुणा गाडी घेऊन आईवडिलांसह माळशेजमार्गे. मधे जुन्नरला पेट्रोल. अकराच्या आसपास रांजणापाशी भेट, लेणं, घाटघरला जेवण-विश्रांती, संध्याकाळी पुन्हा माथा, घाटघरला मुक्काम. दुसरा दिवस: सातला कुकडेश्वर, मग तुळजा, लेण्याद्री, जेवण, साडेतीनला शिवनेरी. जीवधन, चावंड, हडसर, मानमोडी रद्द.

---

गिरिजात्मज

लेण्याद्री अशाने अकराला पडते, भर उन्हात. आईवडील डोलीने जाणार असतील तर ठीक. नाहीतर तुळजा खोडा, कुकडेश्वरहून थेट लेण्याद्री गाठा.

---

घाटवाट

किंवा कुकडेश्वर पहिल्याच दिवशी. गाडीवाला पक्ष पूरवरूनच तर येणार आहे. आईवडिलांना तिथे अर्धा तास बसवा, मग रांजणाकडे. चढणारे उशिरा पोचतील ते पोचतीलच. दुसऱ्या दिवशी सहाला घाटघर सोडलं की साडेसातला लेण्याद्रीच्या पहिल्या पायरीवर.

---

ठाणेकर_७२

हे बसलं. चढणाऱ्यांना परतताना कुकडेश्वर पाच मिनिटं दाखवतो. मेहुण्याला रांजणाचा फोटो आत्ताच पाठवून ठेवतो, नाहीतर तो अंगठ्यावर जाऊन बसायचा.